एका वेळी एकच गुडघा

आमच्या गावात बुडत्या माणसाला जरी विचारलंत, "कसं काय?" तरी तो डोकं पाण्यावर काढून "चाललंय" म्हणेल आणि परत खाली जाईल. मुलीचं लग्न ठरलं, चाललंय. वादळात गोठ्याचं छप्पर उडालं, तरी चाललंय. डेन्मार्कमधल्या युटलंडच्या या पश्चिम किनाऱ्यावर माणसं जन्मभर या एका शब्दावर भागवतात, आणि जास्त बोलणाऱ्याकडे असं बघतात की जणू तो चारचौघांत कपडे काढतोय. माझी थोरली बहीण सिग्ने या शब्दापायी गेली. गाव म्हणतं गुडघ्याच्या ऑपरेशनपायी गेली. गावाला काय, ते काहीही म्हणतं.

मी बोडिल. उभी हयात चर्चच्या दफनभूमीची निगा राखण्यात गेली. कुंपणाची झुडपं कातरायची, वाटांवरची खडी दाताळ्याने सारखी करायची, थडग्यांमधलं तण गुडघ्यांवर बसून उपटायचं. माझा स्वभाव गोड आहे असं कुणी म्हणणार नाही. मेलेली माणसं उलट उत्तर देत नाहीत, म्हणून त्यांचं आणि माझं बरं जमलं.

गुडघे झिजणं हे आमच्या घराण्यातच आहे. सिग्नेचे माझ्याआधी गेले, दोन्ही. ती जिना बसून उतरायची, लहान मुलं उतरतात तशी, आणि कुणी बघितलं तर पायऱ्या पुसतेय असं दाखवायची. शेवटी तिच्या मुलीने, किर्स्टिनने, हट्टाने तिला हॉस्पिटलात नेलं. सर्जन म्हणाला, एक गुडघा आता करू, दुसरा पुढच्या वर्षी. सिग्ने म्हणाली, दोन्ही एकदमच उरकून टाक. का, तर दोनदा ऑपरेशन म्हणजे किर्स्टिनला दोनदा रजा काढावी लागणार, शेजाऱ्याला दोनदा हिच्या कोंबड्या बघाव्या लागणार. लोकांना दोनदा त्रास कशाला? सर्जनने तिला विचारलं, दम लागतो का, छातीचं काय? "चाललंय," ती म्हणाली. चर्चचा चढ चढताना ती मध्येच थांबून समुद्र बघायची, आणि तिला समुद्राचं काडीचंही कौतुक नव्हतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सर्जन मात्र कोपनहेगनचा. तिकडे माणूस चाललंय म्हणाला तर खरंच चाललेलं असतं. त्याने मान डोलावली आणि तिचं म्हणणं ऐकलं.

त्या वेळी तो जुन्या रीतीने ऑपरेशन करायचा. मांडीच्या हाडाला खालून भोक पाडायचं आणि त्यातून एक लांब गज हाडाच्या आत वर सरकवायचा, म्हणजे नवा गुडघा पायाच्या सरळ रेषेत बसतो. पण हाड आतून रिकामं नसतं. त्यात मगज असतो, चरबी असते. गज आत शिरला की ती दाबली जाते आणि वाट मिळेल तिकडे पळते. वाट मिळते रक्तात, आणि रक्त तिला नेऊन सोडतं फुफ्फुसात. बहुतेकांचं शरीर तेवढं पचवून टाकतं, त्यांना पत्ताही लागत नाही. सिग्नेच्या दोन मांड्या, दोन गज, एकाच सकाळी, आणि फुफ्फुसं आधीच थकलेली. हे सगळं मी नंतर शिकले. शिकून करायचं काय होतं, पण शिकले.

ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन तिच्या खाटेपाशी आला, कसं वाटतंय विचारलं. चाललंय. नर्सने विचारलं, चाललंय. किर्स्टिनने फोनवर विचारलं, तिलाही तेच. शेजारच्या खाटेवर लेमविग गावची एक बाई होती. तिने मला पुढे सांगितलं की सिग्ने श्वास घेताना खांदे उचलत होती आणि घंटीचं बटण बराच वेळ हातात धरून बसली होती. त्या बाईने विचारलं, दाबत का नाहीस? तर सिग्नेने दाराकडे बोट दाखवलं. समोरच्या खोलीत नर्स पोरगी नुकतीच डबा उघडून बसली होती. "जेवू दे तिला," सिग्ने म्हणाली, आणि बटण चादरीवर ठेवून दिलं.

दुपारी ती बाबांना हाका मारायला लागली. बाबा जाऊन कैक वर्षं झाली होती. घरच्यांना वाटलं औषधांची गुंगी आहे. छातीवर बारीक लाल ठिपके उठले तेव्हा धावपळ झाली, मशीन लावलं, सगळं केलं. पण उशीर झाला होता. चरबी फुफ्फुसात होती तशी डोक्यातही गेली होती. ती परत शुद्धीवर आली नाही.

मला तिचा इतका राग आला होता की तिच्या खड्ड्यापाशी उभी राहून मी रडले नाही. खड्डा मीच आखून दिला होता, तिच्या नवऱ्याच्या, आक्सेलच्या शेजारी, उत्तरेच्या भिंतीलगत. एक बटण दाबायचं होतं ग, एवढंसं बटण. पोरीचं जेवण थंड झालं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? आणि आमच्याकडे तर दुपारचं जेवण थंडच असतं, काळा पाव आणि त्यावर काहीतरी. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला सगळे हळू आवाजात म्हणत होते की सिग्नेने शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही. कौतुकाने म्हणत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी कपबशा धुवायला निघून गेले.

सर्जनचा फोन आला होता. नाव प्रेबेन. मी घेतला नाही, किर्स्टिनने घेतला आणि दोन वाक्यांत ठेवून दिला. माझ्या आईला त्याने मारलं, असं ती म्हणायची, आणि मी तिला गप्प बसवत नव्हते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मी झुडपांमागे ढकलगाडी घेऊन उभी होते, तर फाटकातून एक उंच माणूस आला. हातात फूल नाही, काही नाही. रांगा शोधत शोधत तो उत्तरेच्या भिंतीशी गेला आणि सिग्नेपाशी टोपी काढून उभा राहिला. वारा असा सुटला होता की माझ्या गाडीतल्या फांद्या उडत होत्या. मी त्याला हॉस्पिटलात एकदा काचेतून पाहिलं होतं, म्हणून ओळखलं. बराच वेळ उभा होता. कुणी पाहत नाहीये असं समजून त्याने बाहीने नाक पुसलं आणि गेला. पुढच्या नोव्हेंबरात परत आला. त्याच्या पुढच्याही. मी कुणाला बोलले नाही. माझ्या दफनभूमीत कोण येतं-जातं ते माझ्यापाशी राहतं.

मग माझा उजवा गुडघा पार गेला. खाली बसले की उठायला एखाद्या थडग्याचा दगड धरावा लागे, आणि मेलेल्यांच्या आधाराने उभं राहणं बरं दिसत नाही. डॉक्टरणीने चिठ्ठी दिली तेव्हा मी तिला सांगितलं, मला प्रेबेनच पाहिजे.

किर्स्टिनने हे ऐकलं आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिली. डोळे सिग्नेचे, तोंड माझं. "मावशी, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? जगात सर्जन संपले का?"

मी म्हटलं, संपले नाहीत.

"मग त्याच्याच सुरीखाली मान द्यायची हौस आहे?"

"मान नाही, गुडघा."

"विनोद करू नकोस. मला तुझ्याशिवाय कोण उरलंय?"

हे तिने बोलून दाखवलं, आणि आमच्याकडे असलं कुणी बोलून दाखवत नाही. तेव्हा मी तिला नोव्हेंबरातल्या माणसाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण कोट घालून निघाली आणि दारातून म्हणाली की तो तिथे उभा राहिला म्हणून आई परत आली का. ती येणार नव्हतीच. पण मी विचार केला होता तो असा, की दुसऱ्या सर्जनसाठी मी एक गुडघा असेन. या माणसासाठी मी सिग्नेची बहीण असणार. तो घाबरून काम करेल, आणि मला घाबरूनच केलेलं काम पाहिजे होतं.

प्रेबेन माझ्याहून बराच लहान, पन्नाशी उलटलेला, वाकून चालणारा. राजघराणं सोडलं तर आमच्याकडे सगळेच एकमेकांना अरेतुरे करतात, तेव्हा त्या बाबतीत अवघडायचं कारण नव्हतं. तरी तो अवघडला. माझं नाव वाचून त्याने चष्मा काढला, परत घातला.

"बोडिल, तुला दुसरीकडे पाठवता येईल. तिथल्या सर्जनशी मी स्वतः बोलतो."

"मला दुसरा नको."

"का?"

"दुसऱ्याला सिग्ने माहीत नाही."

मग मीच म्हटलं की आता काय निराळं करतोस ते सांग, आणि मला शाळेतल्या पोरीसारखं सांगू नकोस.

त्याने सांगितलं. एका वेळी एकच गुडघा, आता कुणी कितीही गळ घालो. मांडीच्या हाडात गज घालायचाच नाही. त्याऐवजी हाडावर बाहेरून बारीक खुंट्या बसवायच्या, त्यांच्यावर चमकते गोळे, आणि एक कॅमेरा ते गोळे बघून पायाची रेष पडद्यावर दाखवतो. वेळ जास्त लागतो, वरून बोलणी बसतात की दिवसाला एक गुडघा कमी होतो, बसू देत. सिमेंट भरण्याआधी हाडाचं तोंड पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचं आणि सुटी चरबी खेचून घ्यायची. रक्त थांबवायला मांडीला पट्टा आवळतात, तो मी बांधतच नाही, म्हणाला, कारण पट्टा सुटला की मागे तुंबलेलं सगळं एकदम धावतं. नंतर रक्त पातळ करायचं औषध, आणि त्याच दुपारी उठवून चालवायचं.

"म्हणजे मला काही होणार नाही?"

"धोका कमी होतो. नाहीसा होत नाही."

हे त्याने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, म्हणून मला बरं वाटलं.

"आणि आणखी एक," तो म्हणाला. "कसं वाटतंय, हे मी आता इथल्या माणसांना विचारत नाही."

"मग?"

"बोलायला लावतो. तू जागी असशील, कंबरेखाली फक्त बधिर. तुला तोंडपाठ असलेलं काहीतरी लांबलचक सांगत राहायचं. श्वास तोकडा पडला, डोकं गोंधळलं, की बोलण्यात आधी कळतं. माणूस चाललंय म्हणू शकतो, पण पाठ असलेलं नीट म्हणत असल्याचं सोंग त्याला आणता येत नाही. कुणी स्तोत्रं म्हणतं, कुणी गाईंची नावं सांगतं. तुला काय पाठ आहे?"

मला विचार करावा लागला नाही. मी म्हटलं, माझी दफनभूमी. फाटकापासून, रांगेने.

ऑगस्टच्या अखेरीस ऑपरेशन झालं. पाठीत सुई, मग पाय माझे नाहीतच असं वाटायला लागलं. छातीच्या पुढे हिरवा पडदा टांगलेला, पडद्याच्या अलीकडे मी आणि माझ्या डोक्याशी बसलेली भुलीची डॉक्टर रूथ, पलीकडे प्रेबेन आणि बाकीची मंडळी. लोकांना कानात गाणी लावून देतात, कारण तो आवाज ऐकवत नाही. मला गाणी नकोच होती. करवत चालली की सुताराच्या दुकानासारखा आवाज येतो आणि खाट हलते, एवढंच.

"फाटकापासून," पडद्यापलीकडून प्रेबेन म्हणाला.

मी सुरू केलं. फाटकाच्या डाव्या हाताला क्रेस्टेन गवंडी, ज्याने स्वतःच्या थडग्याचा दगड स्वतःच घडवला आणि मरणाची तारीख तेवढी दुसऱ्यासाठी सोडली. त्याच्या शेजारी ओट्टो आणि थोरा, जे घरात एकमेकांशी बोलत नव्हते, आता लागून आहेत. मग पोस्टातली एल्सेबेथ, जिला सगळ्या गावाची पत्रं उघडायची खोड होती. रूथ हसायला लागली. पलीकडेही कुणीतरी हसलं. प्रेबेन हसला नाही, तो मधूनमधून नुसतं "पुढे" म्हणत होता. मी बुडालेल्या भावांची रांग सांगितली, तिथे हसण्यासारखं काही नव्हतं. होड्या परत आल्या, ते आले नाहीत, तिथे नुसते दगड आहेत आणि दगडांखाली कुणी नाही. हातोडीचे ठोके पडत होते, मी बोलत होते. पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज आला, सुंईंईं करून काहीतरी खेचलं जात होतं. माझ्या हाडातली चरबी, मी मनात म्हटलं, जा बाई, बाहेर जा, आत जाऊ नकोस.

बोलत बोलत मी उत्तरेच्या भिंतीशी आले. जुना शाळामास्तर. त्याच्या बायका, दोघी. मग आक्सेल.

आक्सेल म्हटलं आणि पुढे माझं तोंड उघडेना. श्वास ठीक होता, छाती ठीक होती, पुढचं नाव तेवढं निघेना. पडद्यापलीकडचे सगळे आवाज बंद झाले. खाट हलायची थांबली.

"रूथ?" प्रेबेनचा आवाज चिरकला होता.

रूथने मशीनवरचे आकडे बघितले, माझ्या तोंडाशी वाकली. ऑक्सिजन ठीक आहे, म्हणाली, दाब ठीक आहे.

"बोडिल, बोल काहीतरी."

मला बोलता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं आणि हात बांधलेले, पुसताही येईना. मग तो पलीकडून म्हणाला, हळू, पण मला स्वच्छ ऐकू आलं.

"सिग्ने. आक्सेलच्या शेजारी सिग्ने आहे. मला माहीत आहे. तिच्या पलीकडे कोण?"

"पलीकडे कुणी नाही," मी म्हटलं. "ती जागा माझी आहे."

"मग ती रिकामीच राहू दे," तो म्हणाला. "पुढची रांग सांग."

मी पुढची रांग सांगितली. रूथने माझे कान पुसले.

दुपारी मला उठवून दारापर्यंत चालवलं. गुडघ्याला बँडेज, हातात चाक लावलेली चौकट, आणि दारापर्यंत जाऊन आले तर सगळ्यांनी असं कौतुक केलं की जणू मी पहिल्यांदाच चालतेय. किर्स्टिन येऊन गेली. प्रेबेन खोलीत आला तेव्हा ती खिडकीबाहेर बघत राहिली. तो गेला तशी म्हणाली, बरी दिसतेयस मावशी. मी म्हटलं, चाललंय. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीनंतर पाय चालवून आले आणि खाटेवर आडवी झाले, तर उजव्या कुशीत कळ आली. बारीक, श्वास आत घेताना टोचणारी. मला वाटलं, चौकटीवर वाकून चालल्यामुळे असेल. मग मी एक मोठा श्वास घेऊन बघितला आणि तो मध्येच अडला. परत घेतला, परत अडला. माझे खांदे वर उचलले जात होते. मला लेमविगच्या बाईचं बोलणं आठवलं.

घंटीचं बटण उशीजवळ होतं. मी ते हातात घेतलं. आणि ऐका, मी, बोडिल, जिने सिग्नेला तिच्या थडग्यासमोर उभं राहून शिव्या घातल्यात, मी ते बटण दाबलं नाही.

दार उघडं होतं. समोर नर्स माइब्रिट बसली होती. पोरगी सकाळपासून पळत होती, तिने एका बाईला उलटीतून धुतलं होतं, एका म्हाताऱ्याला कपडे घातले होते, आणि आता कुठे तिच्या हातात चीज लावलेला पाव आणि कॉफीचा कप आला होता. तिने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी तिला बघत होते. माझ्या मनात जे आलं ते मी कबूल करते, की संपवू दे बिचारीला. एवढ्याशा कळीसाठी तिला उठवायचं? आणि काही निघालं नाही तर? चर्चची बोडिल एक कळ आली म्हणून घंट्या बडवते, हे गावभर होईल. लाज वाटत होती मला. मरणाची भीती वाटत होती त्याहून जास्त लाज वाटत होती. माइब्रिटने मान वर केली, आमची नजरानजर झाली, तिने तोंड भरलेलं असताना भुवया उडवून विचारलं, ठीक? आणि माझी मान आपोआप हलली. ठीक.

तेव्हा मला सिग्ने कळली. ती हट्टी नव्हती, मूर्खही नव्हती. तिने आपला जीव एका पोरीच्या घासाइतकाही मोठा धरला नाही, कारण तिला कुणी तसा धरायला शिकवलंच नव्हतं. आम्हा दोघींना एकाच आईने वाढवलं होतं. मी इतकी वर्षं तिच्यावर रागावले होते आणि तिच्या जागी पडल्यावर तिच्यासारखीच मान हलवत होते. असं रडू आलं की श्वास आणखीच अडला.

मी बटण दाबलं.

माइब्रिट कप ठेवून आली. "काय झालं, बोडिल?"

"मला बरं वाटत नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, तोंडात ते परकं लागत होतं. "श्वास अडतोय. चाललंय नाही म्हणणार मी. अजिबात चाललेलं नाही."

पुढचं भराभर झालं. नाकाला ऑक्सिजन, हाताला सुई. प्रेबेन ऑपरेशनची टोपी डोक्यावर तशीच ठेवून धावत आला. धापा तोच माझ्याहून जास्त टाकत होता. त्याने मला कसं वाटतंय विचारलं नाही. खाटेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "फाटकापासून." क्रेस्टेन गवंडी, ओट्टो, थोरा... थोराशी माझा दम संपला. त्याने तिथेच थांबवलं आणि मला तपासायच्या मशीनकडे न्यायला सांगितलं. स्वतः खाट ढकलत आला.

पोटरीतून सुटलेली रक्ताची एक गुठळी होती, उजव्या फुफ्फुसात जाऊन बसलेली. लहान होती. लवकर सापडली म्हणून औषधाने आवरली. मागून आणखी मोठी यायची शक्यता होती, ती आली नाही. संध्याकाळी प्रेबेनने मला हे सगळं सांगितलं. इतकं सगळं करूनही हे झालं, म्हणाला, आणि त्याचे हात मांडीवर निपचित पडले होते. मी म्हटलं, कमी होतो, नाहीसा होत नाही, तूच म्हणाला होतास. मग मी त्याला बटणाचं सांगितलं. मान हलवली ते, पोरीच्या घासाचं, सगळं.

"तिनेही बटण हातात धरलं होतं," मी म्हटलं. "तुला माहीत होतं?"

त्याला माहीत नव्हतं. त्याने तोंड ओंजळीत धरलं. किर्स्टिन दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं. ती आत आली आणि माझ्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसली.

नोव्हेंबर आला. आमच्याकडे थंडी बसायच्या आत थडगी झाकतात, ख्रिसमसला लावतात त्याच झाडाच्या फांद्या एकीवर एक रचून, मध्ये शेवाळाची नाहीतर सुक्या फुलांची नक्षी करून. ते काम गुडघ्यांवर बसूनच होतं. नवा गुडघा चालायला नामी आहे, पण त्यावर टेकून बसवत नाही, आत कुणीतरी तवा ठेवल्यासारखं वाटतं. चर्चने बाकीच्या रांगांना नवा माणूस नेमला होता. सिग्नेची जागा मी त्याला हात लावू दिली नव्हती.

प्रेबेन दरवर्षीसारखा आला. टोपी काढून उभा राहिला. या वेळी मी झुडपांमागे नव्हते. ढकलगाडी घेऊन सरळ त्याच्यापाशी गेले, किर्स्टिन कॉफीचा थर्मास घेऊन माझ्या मागे.

"नुसता उभा काय राहतोस दरवर्षी," मी म्हटलं. "तुझे गुडघे अजून शाबूत आहेत. बस खाली."

त्याला कळलं की मी त्याला आधीही पाहिलं होतं. कानापर्यंत लाल झाला. मग त्याने हातमोजे काढले आणि ओल्या खडीवर गुडघे टेकले. मी गाडीतून एकेक फांदी देत होते आणि तो लावत होता, डोक्याकडून पायाकडे. सुरुवातीला सगळं वाकडंतिकडं. मी त्याला सोडलं नाही. ती उचल, उलटी कर, तिचा देठ खाली जाऊ दे, दिसता कामा नये. इतकी माणसं शिवलीस आणि एक फांदी सरळ ठेवता येत नाही होय? किर्स्टिनला हसू फुटलं. सिग्ने गेल्यापासून या जागी कुणी हसलं नव्हतं. मग तिने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली आणि वाकून त्याच्या हातात दिली. त्याने ती घेतली, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता थोडा वेळ तशीच राहिली.

शेवटची फांदी लागली. प्रेबेन मागे सरकला, गुडघ्यांना चिखल, बोटं गारठलेली. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "कसं झालंय?"

आमच्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि ते माझ्या ओठांपर्यंत आलंही. पण सिग्ने तिथेच होती, दोन हातांवर, फांद्यांखाली.

"सुंदर झालंय, प्रेबेन," मी म्हटलं. "आणि मला तिची फार आठवण येते."